देवाचा हर्ष आणि पंगतीचा प्रश्न : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका आशयसूत्राचा विचार

१

मराठी ख्रिस्ती साहित्याकडे पाहताना आपली समीक्षा बहुधा दोन वाटांनी जाते. पहिली भाषेची. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त मराठीचा केलेला गौरव प्रत्येक पदवी परीक्षेत विचारला जातो आणि बहुधा तेवढाच विचारला जातो. दुसरी वाट चरित्राची. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे धर्मांतर, लक्ष्मीबाईंची ताटातूट, पुनर्मीलन ही कहाणी इतकी विलक्षण आहे की अभ्यासक तिच्यातच गुंततो. या दोन्ही वाटांवर एक गोष्ट मागे राहते, आणि ती म्हणजे या लेखकांनी ज्यासाठी लिहिले तो आशय. प्रस्तुत लेखात त्या आशयातील एकच सूत्र घेतले आहे : अपूर्ण, लहान, वाट चुकलेल्या माणसाविषयी देवाला वाटणारा हर्ष. दया नव्हे, क्षमाही नव्हे, हर्ष.

विषयाचे निमित्त साधे आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमच्या काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांची अनौपचारिक वाचनबैठक भरते. तेथे 'स्मृतिचित्रे' वाचून झाल्यावर वसईहून येणाऱ्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने विचारले, "बाई, या पुस्तकात ख्रिस्ती असे नेमके काय आहे? बाप्तिस्म्याची हकिकत वगळली तर हे एका ब्राह्मण घरातले विनोदी आत्मचरित्रच नाही का?" प्रश्नात थोडी खंत होती. आपल्या घरातल्या श्रद्धेला मराठी वाङ्मयात काही जागा आहे का, असे ती विचारत होती. मी त्या वेळी 'नर्मविनोद', 'प्रांजळपणा', 'कौटुंबिकता' हे नेहमीचे शब्द सांगितले. घरी येताना माझे मलाच ते अपुरे वाटले. तेव्हा दिलेल्या उत्तराची ही दुरुस्ती आहे.

२

या सूत्राचे मूळ 'नव्या करारा'त, लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात सापडते. तेथे येशू एकापाठोपाठ एक अशा तीन गोष्टी सांगतो. शंभर मेंढरांपैकी हरवलेल्या एकासाठी नव्याण्णव रानात सोडून निघालेला मेंढपाळ. दहा नाण्यांपैकी हरवलेल्या एकासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. आणि वाटणी घेऊन परदेशी गेलेल्या, सारे उधळून परतलेल्या मुलाला पाहून धावत सुटणारा बाप. तिन्ही गोष्टींत सापडलेल्यापेक्षा शोधणाऱ्याचा आनंद मोठा आहे. मेंढरू खूश झाले की नाही, हे कथा सांगत नाही. नाण्याला तर काही वाटणे शक्यच नाही. आनंद होतो मेंढपाळाला आणि बाईला. आणि तो एवढा की दोघेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतात. जुन्या करारातील सफन्या या संदेष्ट्याच्या ग्रंथातही देव आपल्या लोकांविषयीच्या आनंदाने गाऊ लागतो अशी कल्पना आहे. लूकने तिला घर, अंगण आणि माणसे दिली.

यातल्या प्रतिमा महाराष्ट्राला परक्या नाहीत. कळपामागे चालणारा, दमलेले कोकरू खांद्यावर टाकलेला धनगर देशावरच्या रस्त्यांवर आजही दिसतो. केरात हरवलेली वस्तू शोधण्यासाठी साऱ्या घराचा केर काढणारी बाई कोणाच्या घरात नाही? देवाला अशी केरसुणी हाती घेतलेली गृहिणी करावी, हे धाडस मात्र लक्षणीय आहे.

परंतु या तीन गोष्टी येशूने का सांगितल्या, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. अध्यायाच्या आरंभीच त्याचे कारण आले आहे. परुशी आणि शास्त्री कुरकुर करतात की हा मनुष्य जकातदारांना व पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्यासह जेवतो. तक्रार शिकवणुकीविषयी नाही, जेवणाविषयी आहे. युरोपातील वाचकाला याचे गांभीर्य कळण्यासाठी टीप वाचावी लागेल. मराठी वाचकाला ती लागत नाही. पंक्तिपावन, पंक्तिभेद, पंक्तिबाह्य अशी शब्दांची एक संबंध उतरंड आपल्या भाषेने जपलेली आहे. कोण कोणाच्या पंगतीला बसतो यावर ज्या समाजात माणसाची पत ठरत होती, त्या समाजाला हा अध्याय आपल्या ओटीवरचा वाटला पाहिजे.

आणि तिसऱ्या गोष्टीचा शेवट? मेजवानी सुरू आहे, वाद्ये वाजत आहेत आणि वडील मुलगा अंगणात उभा आहे. तो आत जायला तयार नाही. त्याने कधी आज्ञा मोडलेली नाही, त्याचे सोवळे कधी विटाळलेले नाही. म्हणूनच त्याला राग आला आहे. बाप बाहेर येऊन त्याचीही मनधरणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

३

हा हर्ष मराठीत आणायचा तर शब्द कोणता? आपल्याकडे कृपा, दया, करुणा, अनुग्रह हे शब्द भरपूर आहेत. पण त्या सर्वांची दिशा वरून खाली अशी आहे. देणारा उंचावर उभा आहे आणि घेणारा पदर पसरून खाली. 'क्षमा' या शब्दात तर हिशेबाची वही उघडीच असते. हर्षाला मात्र गरज लागते, आणि देवाला कशाची गरज असावी हे तत्त्वज्ञानाला पटत नाही.

भक्तिपरंपरेने ही अडचण केव्हाच ओलांडली होती, हे येथे मान्य करावे लागते. जनाबाईबरोबर दळणारा, सेना न्हाव्याचे रूप घेऊन राजाच्या सेवेला जाणारा, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा देव हा गरजू देवच आहे. त्याला भक्तावाचून करमत नाही. लहानपणाचा महिमा तुकोबांच्या वाचकाला निराळा सांगायला नको. म्हणून टिळकांनी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, ते केवळ काव्यमय विधान समजू नये. पूल खरोखरच बांधलेला होता.

तरीही एक फरक नोंदवला पाहिजे, आणि तो पंगतीचाच आहे. महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) चोखोबांच्या घरी देव जेवायला येतो. दही वाढताना चोखोबांच्या पत्नीच्या हातून ते पितांबरावर सांडते, पुजारी चोखोबांच्या श्रीमुखात देतो आणि गाल सुजतो तो विठ्ठलाचा. मराठी कथावाङ्मयात यापेक्षा हृद्य प्रसंग थोडे असतील. पण त्या कथेत देव चोख्याच्या पंगतीला बसला, गाव बसले नाही. चमत्कार देवाच्या पातळीवर राहिला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. लूकच्या कथेत शेजारी बोलावले जातात, वासरू उघडपणे कापले जाते आणि वडील भावाला कळतेच. देवाचा हर्ष तेथे गुप्त राहू शकत नाही.

अर्थात हा फरक सांगताना ख्रिस्ती समाजाने तो पाळलाच असे सुचवायचे नाही. गोव्यात धर्मांतरानंतरही बामण आणि चारडो हे भेद टिकून राहिले, हे सर्वविदित आहे. कथा एका बाजूला आणि कथेचे मानकरी दुसऱ्या बाजूला, हा अनुभव कोणत्याच धर्माला चुकलेला नाही.

४

स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोचपणे येतो. नव्या धर्माला जुन्या घरात उतरवून घेण्याची ही रीत आहे. आमच्या भागापुरती एक नोंद येथे करावीशी वाटते. शिवाजी पार्कहून चालत गाठता येणारे दादरचे 'पोर्तुगीज चर्च', म्हणजे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, फ्रान्सिस्कनांनी स्थापले ते १५९६ मध्ये, या ग्रंथाच्या वीस वर्षे आधी. आज आपण पाहतो ती चार्ल्स कोरिया यांनी आखलेली इमारत १९७७ मध्ये पुरी झाली. चारशे वर्षांचा शेजार असलेल्या या वास्तूला आपण बसथांब्याचे नाव म्हणूनच ओळखतो, ही गोष्ट आपल्या साहित्यविचारालाही लागू पडते.

पंडिता रमाबाईंनी या सूत्राला जे रूप दिले ते शब्दांपेक्षा इमारतींत दिसते. आपल्या १९०७ च्या इंग्रजी साक्षीत त्या सांगतात की इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे भगिनींनी चालवलेला, समाजाने टाकलेल्या स्त्रियांचा आश्रम पाहून त्या चकित झाल्या, आणि विचारल्यावर भगिनींनी त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. दोषी स्त्रीशी विहिरीवर पाणी मागत बोलणारा देव! मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन काढणाऱ्या रमाबाईंनी पुढे केडगावला 'मुक्ती'च्या आवारात कृपासदन, प्रीतिसदन, अंधांसाठी बार्तमी सदन उभारले, ते या पाण्याच्या घोटापासून. त्यांचे बायबलचे भाषांतरही साध्या, अल्पशिक्षित स्त्रीला कळावे या हट्टाने केलेले आहे. त्या भाषेला लालित्य नाही, अशी तक्रार आपण करतो. ती खरी असली तरी परुशाच्या जातीची आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

टिळकांचा (१८६१–१९१९) प्रश्न वेगळा. ते अभंगाच्या छंदात ख्रिस्ताला माउली म्हणतात, गुरू म्हणतात, सखा म्हणतात. 'अभंगांजली'तील आर्तता अस्सल आहे आणि मराठी चर्चमधील 'उपासना संगीता'त त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. परंतु त्यांच्या अभंगांतला आनंद बहुतांशी भक्ताचा आहे. कवी देवासाठी व्याकुळ आहे, कवी देवात विसावतो. हे विरहाचे आणि मीलनाचे व्याकरण वारकरी आहे. देव माणूस सापडल्याने हरखतो, ही उलटी दिशा त्यांच्या काव्यापेक्षा त्यांच्या वागण्यात अधिक दिसते. छप्पनच्या दुष्काळात अनाथ मुलांनी घर भरून टाकणारे, हाती आलेले पैसे पहिल्या मागणाऱ्याला देऊन मोकळे होणारे, त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीला आपल्या घरी ठेवून घेणारे टिळक. आणि हे टिळक आपल्याला भेटतात ते लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात.

५

'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. लेखिकेचे शिक्षण शाळेत झालेले नव्हते. शुद्धलेखनाशी त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही, आणि ही गोष्ट त्या कधी लपवीत नाहीत. उलट आपले अज्ञान, आपला भाबडेपणा, आपले रुसवेफुगवे हेच त्यांच्या कथनाचे भांडवल आहे. हा विनोद मराठी समीक्षेने पुष्कळ वाखाणला. त्याची जात कोणती, हे मात्र फारसे विचारले नाही.

आरंभीचे जलालपूर आठवावे. वडील नाना गोखले सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, मग तो पाण्यात विरघळणारा का असेना. या वेडाच्या मुळाशी १८५७ नंतर घरावर आलेला आघात होता, हेही लक्ष्मीबाई सांगतात. त्या घरात बायकामुलांचे जे हाल झाले त्यावर एक कडवट पुस्तक सहज लिहिता आले असते. लक्ष्मीबाई हसतात. पण हे हसणे वडिलांना लहान करणारे नाही. वडील त्यांच्या हसण्यात सुरक्षित आहेत. नानांचे सोवळे सुटले तर त्यांच्यावर प्रेम करू, अशी अट तेथे नाही. तीच गोष्ट टिळकांची. संतापी, विसराळू, घर उधळून देणारा हा पती सुधारावा म्हणून त्या भांडतात, रडतात, युक्त्या करतात. तो सुधारत नाही, आणि प्रत्येक वेळी तो परत आला की त्यांचे लेखन हरखून जाते. दोषांची यादी जितकी लांबते तितका माणूस अधिक आवडता होत जातो, असे हे विलक्षण गणित आहे.

आता मुख्य मुद्दा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तांच्या दृष्टीने ते हरवलेले, घर सोडून परमुलखात गेलेले पुत्र ठरले. टिळकांच्या स्वतःच्या दृष्टीने ते सापडलेले पुत्र होते. या कथेत लक्ष्मीबाईंची जागा कोणती? आपण त्यांना पतिव्रता म्हणतो, सोसणारी म्हणतो. लूकच्या कथेशी ताडून पाहिले तर त्या वडील मुलाच्या जागी उभ्या आहेत. आज्ञा न मोडलेल्या, सोवळे सांभाळलेल्या, घरी राहिलेल्या आणि म्हणून दुखावलेल्या. पुन्हा टिळकांबरोबर राहू लागल्यावरही त्यांनी आपले स्वयंपाकपाणी काही काळ वेगळेच ठेवले. मेजवानी आत चालू आहे आणि त्या अंगणात चूल मांडून बसल्या आहेत, इतके हे चित्र तंतोतंत आहे.

मग एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या असताना त्यांच्या मनाने प्रश्न घेतला की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी ठरवले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम पाहण्याजोगा आहे. आधी पंगत, मग पंथ. टिळकांना 'नव्या करारा'तील डोंगरावरचे प्रवचन वाचून ख्रिस्त भेटला. लक्ष्मीबाईंना तो पाण्याच्या तांब्याशी भेटला. त्यांच्या ईश्वरविषयक विचारात सिद्धान्त जवळजवळ नाहीत, म्हणून आपण तेथे ख्रिस्ती असे काही नाही म्हणतो. वास्तविक लूकच्या पंधराव्या अध्यायातील वादाचा जो मूळ विषय, तोच त्यांच्या परिवर्तनाचा विषय आहे.

यानंतरच्या भागांतील घर आठवावे. अनाथ, दुष्काळातून उचललेली मुले, प्लेगच्या दिवसांतली माणसे, आणि ठोंबरे. बालकवींच्या वेडेपणाविषयी त्या लिहितात ते आईच्या नजरेने. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वेखाली सापडून बालकवी गेले आणि पुढच्याच वर्षी ९ मेला टिळक. हे पुस्तक लिहिताना यांपैकी कोणीही हयात नव्हते. तरीही लेखनात शोकाहून हर्षाचाच सूर वरचढ आहे. जणू त्या एकेकाला पुन्हा शोधून, झाडून-पुसून, शेजाऱ्यांना बोलावून दाखवीत आहेत.

एक वाङ्मयेतिहासाची गोष्ट येथे जोडली पाहिजे. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभले. दहा-साडेदहा अध्यायांनंतर ते थांबले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाला. म्हणजे ख्रिस्तचरित्राचा बहुतेक भाग पंडित कवीकडून निसटून या अल्पशिक्षित बाईंच्या हाती आला. कवित्वाच्या दृष्टीने टिळकांचे अध्याय सरस आहेत, हे मत मी बदललेले नाही. पण पापी लोकांच्या पंगतीची कथा सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कवित्वाचा नाही.

६

या वाचनावर एक आक्षेप घेता येईल. विनोदी दृष्टी, माणसांविषयीची माया ही ख्रिस्ती नसलेल्या लेखकांतही असते. मग 'स्मृतिचित्रे'तील हास्याला धर्माशी का जोडावे? आक्षेप रास्त आहे. लक्ष्मीबाईंचा स्वभावच तसा होता आणि तो जलालपूरच्या घरात घडला, बाप्तिस्म्याने नव्हे. माझे म्हणणे इतकेच की त्यांनी स्वीकारलेल्या श्रद्धेने या स्वभावाला परवानगी दिली. देवच जर हसून धावत येत असेल, तर त्याच्याविषयी लिहिताना मुद्रा गंभीर करण्याचे कारण उरत नाही. टिळकांना ही मोकळीक क्वचितच घेता आली. ते विद्वान होते, आणि त्यांना पुष्कळांना उत्तरे द्यायची होती.

पंगतीचा प्रश्न साहित्याच्या मंडपातही अधूनमधून उभा राहतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या (जानेवारी २०२०) अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत या कारणाने काहींनी जाहीर विरोध केला. 'सुबोध बायबल'सारखे भाषांतर नावावर असलेल्या लेखकाला कोणत्या पानावर बसवायचे, हा त्या चर्चेचा खरा रोख होता. संमेलन पार पडले. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले.

आमच्या विद्यार्थिनीला मी हे सारे पुढच्या बैठकीत सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण बाई, आमच्याकडे प्रवचनात उधळ्या मुलाचीच गोष्ट सांगतात. वडील मुलाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही." मी तिला 'स्मृतिचित्रे'चा दुसरा भाग पुन्हा वाचायला दिला.